उतार आधी, सायकल नंतर : चाळीसगावच्या बरडावरील डाउनहिल सायकलीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

आज पूजेत नट-बोल्टचे पाने, ॲलन की आणि गवंडीकामाची लेव्हलची नळी मांडली आणि दुपारी त्याच नळीने कामाला सुरुवात केली. गेली दोन वर्षे डाउनहिलची, म्हणजे खडकाळ डोंगरउतार वेगाने उतरण्यासाठीची, सायकल घ्यायची म्हणून मी नुसती चित्रे आणि किमती पाहत होतो. निर्णय होत नव्हता, कारण ही सायकल नेमक्या कोणत्या उतारावर चालवायची आहे याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. म्हणून आता क्रम बदलला आहे. आधी उतार मोजायचा आणि मग त्याला जी लागेल ती सायकल बांधायची.

उतार मामांच्या मालकीचा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी त्यांचे कपाशीचे शेत जिथे संपते, तिथून डोंगराच्या सोंडेवर चढत जाणारी ही बरडाची जमीन असून तिच्यात कुसळी गवत, बाभळी आणि चार कडुनिंब यांखेरीज काही उगवत नाही. वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते व त्यापुढे गौताळ्याचे जंगल आहे. हद्दीच्या दगडापलीकडे चाक न्यायचे नाही, हे मामांनी पहिल्याच दिवशी बजावले आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

वरच्या दगडापासून खालच्या विहिरीपर्यंतची वाट ७४० मीटर भरली आणि उंचीतला फरक ११८ मीटर निघाला, म्हणजे सरासरीने दर शंभर मीटरला सोळा मीटर उतार. ही सरासरी मात्र फसवी आहे. मधल्या खडकाच्या पट्ट्यात मामेभावाने नळीचे एक टोक वर धरले, मी दुसरे टोक घेऊन खाली उतरत गेलो आणि तीस मीटरच्या अंतरात नळी नऊ वेळा मांडावी लागली. तेवढ्यात तेरा मीटर उंची गेली. तिथला कोन जवळजवळ २६ अंश येतो. वरचा भाग मुरमाचा, मधला भाग काळ्या बेसॉल्टच्या गुडघाभर पायऱ्यांचा आणि खालचा भाग दोन बांध ओलांडून काळ्या मातीत उतरणारा, अशी या वाटेची तीन रूपे आहेत. सायकल ठरवायची ती त्या तीस मीटरसाठी.

२० ऑक्टोबर २०२४

धुळ्याला परतल्यावर घरातली एकवीस गिअरची जुनी माउंटन सायकल बाहेर काढली आणि तिच्यावरच काही करता येईल का, हे प्रामाणिकपणे तपासले. तिच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी नळ्यांना, ८० मि.मी. ट्रॅव्हल (दबण्याचे अंतर) आहे आणि हेड अँगल, म्हणजे हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, ७१ अंशांचा आहे. सपाट रस्त्यावर हा कोन उत्तम असतो. परंतु सायकल २६ अंशांच्या उतारावर तोंड खाली करून उभी राहिली की हे दोन कोन एकमेकांत मिसळतात आणि बेरीज ९७ अंश होते. म्हणजे फोर्क उभ्या रेषेच्या पलीकडे जातो आणि पुढच्या चाकाचा आस हँडलच्या मागे सरकतो. अशा वेळी पुढे एक दगड आडवा आला तरी चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. हेड अँगल ६३ अंशांचा असेल तर तीच बेरीज ८९ अंश होते आणि फोर्क साधारण उभा राहतो. डाउनहिल सायकलींचा कोन ६२ ते ६४ अंशांच्या दरम्यान का ठेवतात, हे मी अनेकदा वाचले होते, पण आपल्या उताराची बेरीज मांडली तेव्हा ते खऱ्या अर्थाने उमगले.

जुन्या फ्रेमला लांब फोर्क लावावा, असा सल्ला एकाने दिला. फोर्क वीस मि.मी.ने लांबला की कोन सुमारे एका अंशाने पडतो, हे खरे आहे. परंतु त्याबरोबर पायडलचा आसही वर उचलला जातो, सायकलीचा तोल बिघडतो आणि लांबलेल्या फोर्कचा सारा हिसका हेड ट्यूबच्या ज्या जोडावर येतो, तो जोड त्यासाठी घडवलेलाच नसतो. तो जोड उतारावर सुटला तर हातात काही उरत नाही. हा मार्ग कायमचा बंद केला.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुटीत मोठा प्रश्न सोडवला : पूर्ण डाउनहिल सायकल, की १६० ते १७० मि.मी. ट्रॅव्हलची, चढही चढू शकणारी एंड्युरो सायकल?

एंड्युरोच्या बाजूने बरेच काही सांगता येते. तोरणमाळसारख्या ठिकाणी, जिथे पठारावर फिरायचे, चढायचे आणि मग उतरायचे असते, तिथे मी डोळे मिटून तीच घेतली असती. डाउनहिल सायकलीचे वजन सोळा-सतरा किलो असते, सीट इतकी खाली असते की बसून पायडल मारणे नकोसे होते, आणि गिअर सातच असून तेही जवळजवळच्या दात्यांचे असतात, कारण ते उतारावर वेग धरून ठेवण्यासाठी असतात. ही सायकल एकच काम करते. परदेशातल्या डोंगरांवर ती वर नेण्यासाठी पाळण्याची सोय असते आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा मार्गही दोन ते पाच मिनिटांत संपेल असा आखलेला असतो.

माझ्या बाबतीत मात्र निर्णायक गोष्ट मामांचा ट्रॅक्टर ठरली. बरडाच्या कडेने खडीची गाडीवाट वरच्या दगडापर्यंत जाते आणि ट्रॉलीत सायकल टाकून दहा मिनिटांत वर पोहोचता येते. चढण पायडल मारून चढायचीच नसेल, तर चढण्यासाठी केलेल्या तडजोडींचे ओझे उतारावर का वाहायचे? शिवाय १६० मि.मी.ची नवी चांगली सायकल ज्या किमतीला येते, त्याच्या एका हिश्श्यात जुनी पण दणकट डाउनहिल फ्रेम मिळते, कारण तिला गिऱ्हाईक कमी असते. पुढे-मागे २०० मि.मी. ट्रॅव्हलची, वापरलेली फ्रेम घेऊन सायकल स्वतः बांधायची, असे ठरले.

१७ नोव्हेंबर २०२४

पहिली फ्रेम पाहायला पुण्याला जाऊन आलो आणि रिकाम्या हाताने परतलो, तरी ही फेरी वाया गेली असे मला वाटत नाही.

फ्रेम दिसायला देखणी होती आणि विकणाऱ्याच्या मते ती ‘फक्त दोन हंगाम’ चाललेली होती. मी बरोबर आजीच्या जुन्या स्टोव्हसाठी राखून ठेवलेल्या रॉकेलची बाटली आणि खडूची पूड नेली होती. स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग, स्वच्छ पुसून जोडांवर रॉकेल लावले, पंधरा मिनिटे मुरू दिले, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसले आणि वरून खडूची पूड भुरभुरली. सगळीकडे पूड पांढरीशुभ्र राहिली. परंतु खालच्या पिव्हटजवळ (हलत्या सांध्याजवळ), वेल्डिंगच्या कडेला लागून, हळूहळू करड्या रंगाची एक बारीक रेघ उमटू लागली आणि दोनेक मिनिटांत ती नखाएवढी लांब झाली. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पूड भिजवत होते. नुसत्या डोळ्यांना तिथे रंगावरचा ओरखडासुद्धा दिसत नव्हता.

“झाळून घ्या, पक्के होईल,” असे विकणारा म्हणाला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला असे म्हणता येत नाही. ६०६१ या मिश्रधातूची फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून, पाण्यात विझवून आणि पुन्हा कमी तापमानावर ठेवून कठीण केलेली असते. नंतर कुणी तिथे झाळकाम केले की त्या जागेचा कठीणपणा निघून जातो आणि चीर पुन्हा शेजारून सुरू होते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांतला हा फरक वेल्डिंगच्या दुकानांतही अनेकदा लक्षात घेतला जात नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवतो आहे.

८ डिसेंबर २०२४

दुसरी फ्रेम मिळाली. ती नाशिकच्या एका चालकाची असून २६ इंची चाकांसाठी घडवलेली आहे. मागचे ट्रॅव्हल २०० मि.मी., हेड अँगल ६३.५ अंश. रॉकेल-खडूच्या परीक्षेत ती सगळीकडे कोरी निघाली. शॉकसह, म्हणजे मागचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यासह, ३८ हजार रुपयांना सौदा झाला.

फ्रेम घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे कॅलिपर घेऊन प्रत्येक जागा मोजणे, कारण फ्रेमची मापेच पुढचा सगळा खर्च ठरवतात. मागचा हब (चाकाच्या मधला तुंबा) १५० मि.मी. रुंदीचा आणि १२ मि.मी. ॲक्सलचा लागणार. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा आस बसतो ती, नळी ८३ मि.मी. रुंद आहे, साध्या माउंटन सायकलीत ती ६८ किंवा ७३ मि.मी. असते, त्यामुळे क्रँकही (पायडलचे दांडे) ८३ मि.मी.चीच शोधावी लागणार आणि ती सहजासहजी मिळत नाही. हेड ट्यूब दीड इंची सरळ आहे, म्हणजे सव्वा इंचाहून किंचित कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंची जुना फोर्क बसवायचा तर मधे कमी करणारे कप घालावे लागतील. शॉकची लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली, २४० मि.मी. आणि स्ट्रोक (शॉक दबण्याचे अंतर) ७६ मि.मी. आहे.

वापरलेली फ्रेम घेणाऱ्याने ही मापे पैसे देण्याआधी मोजावीत, असे मी आग्रहाने सांगेन. (नंतरची भर : मला क्रँकसाठी पाच आठवडे थांबावे लागले आणि तेवढ्या काळात सायकल भिंतीला टेकून होती.)

२२ डिसेंबर २०२४

पिव्हटचे सगळे बेअरिंग बदलले. त्यांवर ६९०२ आणि ६९०० असे आकडे छापलेले होते आणि हे बेअरिंग सायकलीसाठी वेगळे बनवलेले नसतात. एमआयडीसीजवळच्या बेअरिंगच्या दुकानात दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले तेच माप तासाभरात मिळाले. काढताना हातोडी लावली नाही. आटे पाडलेला लांब रॉड, दोन नट आणि मापाचे वायसर घेऊन हळूहळू दाबत बसवले, आणि दाब नेहमी बाहेरच्या कड्यावरच येईल याची काळजी घेतली, कारण आतल्या कड्यावर दाब आला तर छर्रे कड्यांत रुततात आणि नवे बेअरिंग बसण्याआधीच निकामी होते.

शॉकच्या खालच्या डोळ्यातली बुश मात्र सैल होती. शॉक हाताने हलवला की ‘टक्’ असा आवाज येई. मोजल्यावर फट ०.२ मि.मी. निघाली. एवढ्याशा फटीने काय होते, असे वाटू शकते. परंतु मागचे चाक शॉकच्या अडीचपटीहून अधिक हलते, म्हणून ती ढिलाई चाकाशी अर्ध्या मि.मी.च्या पुढे जाते, आणि प्रत्येक दगडावर बोल्टवर घण पडल्यासारखा ठोका बसतो. लेथवाल्या काकांनी डोळ्याच्या मापाला कणभर जास्त ठेवून नवी पितळी बुश कातली, दोनदा परत लेथवर चढवली आणि तिसऱ्या वेळी ती अंगठ्याच्या दाबाने सरकेल पण हलणार नाही अशी बसली. ऐंशी रुपये घेतले. या सगळ्या बांधणीतले सर्वांत समाधानाचे ऐंशी रुपये ते हेच.

५ जानेवारी २०२५

चाकांविषयी मला अनेकांनी विचारले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डाउनहिलच्या स्पर्धांत वर्षानुवर्षे २६ इंची चाके होती, मग २७.५ इंची आली, २०१७ मध्ये जागतिक चषकात २९ इंची चाकांच्या सायकली दिसू लागल्या आणि २०१९ पासून पुढे मोठे व मागे लहान अशी वेगवेगळी चाके लावण्याची परवानगी मिळाली. मोठे चाक दगडावरून सहज जाते, हे खरेच आहे. किती सहज, ते मी आपल्या वाटेवरच्या दहा सें.मी.च्या दगडापुरते मांडून पाहिले : टायरसह २६ इंची चाक त्या दगडाला सुमारे ४५ अंशांच्या कोनात भिडते आणि २९ इंची चाक सुमारे ४३ अंशांत. हा दोन अंशांचा फरक घड्याळाच्या काट्यावर शर्यत जिंकणाऱ्याला मोलाचा आहे. मला मात्र २६ इंची ट्यूब आमच्याकडे तालुक्याच्या कोणत्याही सायकल दुकानात मिळते, ही गोष्ट त्याहून मोलाची वाटली. तोटाही सांगितला पाहिजे : डाउनहिलच्या जाड, दुहेरी कापडाच्या टायरांत २६ इंची माप आता दुर्मीळ होत चालले आहे, म्हणून मिनियन डीएचएफ २६ × २.५ या मापाचे टायर हाती लागले तेव्हा दोनऐवजी तीन घेतले.

चाके विणून घेतली ती आग्रा रोडवरच्या एका जुन्या दुकानातल्या चाचांकडून. त्यांनी आयुष्यभर मालवाहू सायकलींची चाके बांधली आहेत, डिस्क ब्रेकचा हब त्यांनी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “दोन्ही बाजूंच्या कडा सारख्या अंतरावर आहेत, हे चाक बसेल.” त्यांनी नेमके मर्म ओळखले होते. साध्या मागच्या हबमध्ये गिअरसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे एका बाजूच्या तारा उभ्या व ताठ आणि दुसऱ्या बाजूच्या सैल राहतात, १५० मि.मी.च्या हबमध्ये दोन्ही बाजू जवळजवळ समान ताणल्या जातात आणि चाक आडव्या माराला टिकते.

बत्तीस तारा, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून. निपलच्या आट्यांना जवसाच्या तेलाचे बोट. आउट काढून झाल्यावर चाचांनी चाक मांडीवर घेतले, समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने आवळल्या, आणि प्रत्येक वेळी निपलपाशी ‘कट्’ असा बारीक आवाज आला. पिळलेली तार मोकळी होऊन जागेवर बसत होती. मग पुन्हा आउट, पुन्हा आवळणे, असे तीनदा. शेवटी त्यांनी नखाने एकेक तार छेडली. पुढच्या चाकाच्या एका तारेचा सूर उतरलेला होता. मला तो कळला नाही, त्यांनी पाव फेरा दिल्यावर कळला. “तार बोलली पाहिजे,” एवढेच ते म्हणाले.

२६ जानेवारी २०२५

फोर्क वापरलेला, बॉक्सर नावाचा, दोन क्राउनचा आहे, म्हणजे त्याच्या नळ्या वर-खाली दोन आडव्या पट्ट्यांनी धरलेल्या आहेत. नळ्या ३५ मि.मी. जाडीच्या, ट्रॅव्हल २०० मि.मी., ॲक्सल २० मि.मी. सील आणि तेल बदलले. बसवताना एक परीक्षा चुकवू नये : आतली स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबायचा आणि टायर व खालचा क्राउन यांच्यात अंतर उरते का, ते पाहायचे. माझ्याकडे आठ मि.मी. उरले. ते उरले नसते तर मोठ्या आदळीच्या वेळी टायर क्राउनला घासून चाक जागीच थांबले असते.

९ फेब्रुवारी २०२५

ब्रेकवर मी सर्वांत जास्त पैसे घातले आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही.

उतारावरचा सगळा हिशेब उष्णतेचा असतो. मी आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर ११८ मीटर खाली येताना सुमारे ११० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते; एवढ्या ऊर्जेने एक तृतीयांश लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येते. काही भाग वारा आणि टायर घेतात, उरलेला सारा ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांत शिरतो. डाउनहिलच्या इतिहासाची सुरुवातच या उष्णतेपाशी होते. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ मध्ये ज्या डोंगरवाटेवर शर्यती सुरू झाल्या, तिचे नाव ‘रिपॅक’ पडले, कारण जुन्या सायकलींचा मागच्या हबमधला पायडलने लागणारा ब्रेक एका उतारात इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे.

पुढे-मागे २०३ मि.मी.च्या चकत्या आणि चार पिस्टनचे कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारे ब्रेकचे जबडे, घेतले. तेलाच्या बाबतीत दोन पंथ आहेत. डॉट तेल कोणत्याही मोटारसायकल गॅरेजात मिळते, त्याचा उकळबिंदू चांगला असतो, पण ते हवेतले पाणी शोषते आणि तो बिंदू वर्षागणिक खाली येतो. मिनरल तेल पाणी शोषत नाही. मात्र आत शिरलेला थेंब त्यात न मिसळता तळाशी, म्हणजे नेमका तापणाऱ्या कॅलिपरपाशी, जाऊन बसतो. माझी सायकल पावसाळ्याचे चार महिने टांगून राहणार, म्हणून मी मिनरल तेलाचे ब्रेक निवडले आणि दर आश्विनात तेल बदलायचे, असा नियम घातला. एका पंथाचे तेल दुसऱ्याच्या ब्रेकमध्ये कधीही घालू नये; सील फुगून ब्रेक निकामी होतात.

ब्रेकचे नवे पॅड सपाट रस्त्यावर चालवून चकत्यांशी बसवून घेतले. वेग धरायचा, ब्रेक लावून चालण्याच्या गतीपर्यंत आणायचे, पूर्ण थांबायचे नाही. असे तीस वेळा.

२३ फेब्रुवारी २०२५

शॉकची स्प्रिंग निवडली. हेल्मेट, पॅड, बूट आणि पाण्यासह माझे वजन ७८ किलो, म्हणजे १७२ पौंड. उतारावर उभे राहिल्यावर त्यातले सुमारे ६५ टक्के मागच्या चाकावर येते असे धरले : ११२ पौंड. चाकाचे २०० मि.मी. भागिले शॉकचे ७६ मि.मी. म्हणजे लिव्हरेज २.६३, त्यामुळे शॉकवर २९४ पौंडांचा भार येतो. सॅग, म्हणजे चालवणाऱ्याच्या नुसत्या वजनाने शॉक दबण्याचे प्रमाण, ३० टक्के हवा, म्हणजे तीन इंची स्ट्रोकमध्ये ०.९ इंच. भागाकार ३२७ पौंड प्रति इंच येतो. बाजारात ३०० आणि ३५० मिळत होत्या, ३५० घेतली. बसून-उठून मोजले तेव्हा शॉक २४० वरून २१९ मि.मी.वर आला, म्हणजे सॅग २८ टक्के भरला आणि कागद व सायकल यांचे एकमत झाले. लिव्हरेज ट्रॅव्हलभर बदलत असते, म्हणून हा हिशेब सुरुवात करून देतो. शेवटचा शब्द मोजपट्टीचा असतो.

१६ मार्च २०२५

पहिली उतरण. मामांनी ट्रॉलीतून सायकल उतरवताना दोन्ही क्राउनवर हात फिरवला आणि विचारले, “हाई सायकल शे का फटफटी?” मग चाकाला हाताने झोका देऊन ते किती वेळ फिरते, ते शेवटपर्यंत पाहत राहिले.

डाउनहिलसाठीच्या एएसटीएम एफ १९५२ या मानकाचे, हनुवटी झाकणारे हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड आणि छातीचे कवच घातल्याशिवाय वर जायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. पहिली फेरी २ मिनिटे ४१ सेकंदांची झाली. मुरमावर पुढचा टायर सतत सरकत होता, परंतु खडकाच्या पट्ट्यात शिरल्यावर जे घडले त्यासाठीच हे पाच महिने गेले होते : फोर्क पायऱ्या एकेक करून गिळत गेला, हात मोकळे राहिले आणि मला खाली वाट दिसत राहिली.

तिसऱ्या फेरीत खालच्या बांधावर पडलो. मला खरचटलेही नाही. हँडल मात्र पूर्ण फिरले आणि फोर्कची नळी फ्रेमच्या खालच्या नळीवर आदळून तिथे पोचा पडला. दोन क्राउनच्या फोर्कच्या नळ्या हँडलच्या उंचीपर्यंत जातात, म्हणून त्यांवर रबरी ठोकळे बसवावेच लागतात, आणि ते मी बसवले नव्हते. ही चूक पूर्णपणे माझी आहे. पोचा दोन मि.मी. खोल भरला, खडूच्या परीक्षेत चीर नाही. त्याच संध्याकाळी ट्रकच्या टायरमधून रबर कापून दोन ठोकळे केले आणि तारेने न बांधता क्लिपांनी पक्के बसवले. पोच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली असून दर महिन्याला त्या जागेची परीक्षा होईल.

६ एप्रिल २०२५

ऊन वाढले आहे आणि सायकलीचे वागणे बदलले आहे. पहाटे २० अंशांत २५ पीएसआय हवा भरलेले टायर दुपारी ४५ अंशांच्या उन्हात ठेवले, तर दाब जवळजवळ साडेतीन पीएसआयने वाढतो आणि मुरमावरची पकड स्पष्टपणे कमी होते. आता हवा वरच्या दगडापाशी, निघण्याआधी मोजतो. शॉकमधले तेलही पातळ होते; त्यामुळे तो दाबल्यावर झटकन परततो आणि मागचे चाक पायरीवरून लाथ मारल्यासारखे उडते. रिबाउंड, म्हणजे शॉक परतण्याचा वेग, दोन क्लिक मंद केल्यावर ते थांबले.

ट्यूबलेस टायरमधले सीलंट, म्हणजे छिद्रे आतून बुजवणारे द्रावण, हा इथला वेगळाच विषय आहे. वाटेवर बाभळीचे काटे आहेत आणि विहिरीजवळ सराटे पसरलेले आहेत. सीलंटशिवाय एक फेरी पूर्ण होणार नाही. परंतु दोन-तीन महिने टिकेल असे गृहीत धरलेले सीलंट या उन्हात महिन्याभरातच वाळून आत रबराचे गोळे झालेले आढळले. यापुढे पाडव्यापासून पावसापर्यंत दर तीन आठवड्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून ते ओले आहे का, ते पाहायचे. पुढच्या टायरमधून आज अकरा सराटे उपटले आणि अकराही छिद्रे जागीच बुजली.

३० एप्रिल २०२५, आखाजी

बहिणी माहेरी आल्या आहेत, घरात सांजोऱ्यांचा घमघमाट आहे, आणि सकाळी नऊच्या आत पाच फेऱ्या उरकल्या. सर्वोत्तम वेळ १ मिनिट ५२ सेकंद, म्हणजे सरासरी ताशी २४ किलोमीटरच्या आसपास. हा वेग ऐकायला फारसा नाही. त्या तीस मीटरमध्ये तो पुरून उरतो.

वेळ कमी झाली ती मुख्यतः एका बदलाने. मी ब्रेक पायऱ्यांच्या मधोमध लावत होतो. आता वरच्या कडुनिंबापाशी, मुरूम संपून पहिला घट्ट खडक लागतो तिथे, दोन्ही ब्रेक एकदाच जोराने लावतो आणि पायऱ्यांवर पुढचा ब्रेक सोडून देतो. ब्रेक लागलेला असताना फोर्क आधीच दबलेला असतो आणि पायरीसाठी त्याच्यात ट्रॅव्हल उरत नाही. ब्रेकचे पॅड ०.६ मि.मी. झिजले आहेत. पोच्याभोवतीची पेन्सिलची रेघ जशीच्या तशी आहे. ब्रेकचे लिव्हर बोटाच्या पहिल्या पेरावर येतील इतके जवळ घेतले.

१० जून २०२५

मृगाच्या पहिल्या सरी झाल्या. सकाळी उघडीप होती म्हणून वर गेलो. मुरमावर पकड उन्हाळ्यापेक्षा चांगली होती, खडक निसरडा पण समजण्यासारखा होता. दुसरा बांध ओलांडून काळ्या मातीत उतरलो आणि चाळीस मीटरच्या आत दोन्ही चाके फिरेनाशी झाली. टायर आणि स्विंगआर्म यांच्यातल्या बोटभर जागेत चिखल असा दाबून बसला होता की तो खुरप्याने काढावा लागला. सायकल खांद्यावर घेऊन विहिरीपर्यंत आणली, स्विंगआर्मचे सगळे पिव्हट उघडून पुसले, ग्रीस भरले, शॉकची स्प्रिंग सैल सोडली आणि गोठ्याच्या आढ्याला ती टांगली. खाली पाण्याच्या डबक्यापासून विहिरीपर्यंतच्या पट्ट्यात मामा यंदा मुरूम टाकायला तयार आहेत. चार ट्रॉल्या पुरतील, असा अंदाज आहे.